टिग बहिरा नाही

ड्युनेडिन, ९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकायला निघाली असशील. खुशाल टाक, पण आधी एवढं वाच: टिगला मारू नका.

फोन तू उचलत नाहीस. दुकानाच्या नंबरावरून केला, तर माझं नुसतं ‘हॅलो’ ऐकून आपटलास. मग पत्रच उरलं. आईला पुरून आल्यावर, अख्ख्या गावासमोर, हातात चहाचा कप धरून तू मला कसाईण म्हणालीस. तेव्हापासून आपण एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. त्याबद्दल रडायला मी लिहीत नाही आणि माफी मागायला तर नाहीच नाही. मी लोकांची नाकं, कान, भुवया टोचते. स्वच्छ सुईनं टोचते, त्यांच्या मर्जीनं टोचते, आणि त्यावर माझं बरं चाललंय. तो विषय संपला. हा कुत्र्याचा विषय आहे.

तुझा डंकन म्हणतो, टिग बहिरा झालाय. शिट्टीनं डावीकडे वळ म्हटलं की उजवीकडे जातो, थांब म्हटलं की मेंढ्यांच्या अंगावर धावतो, जानेवारीत अख्खा कळप त्यानं ओढ्यात घातला. मार्चअखेर डोंगरावरून मेंढ्या खाली आणल्या की त्याला गोळी घालायची, असं तुझ्या नवऱ्यानं ठरवलंय. हे मला कुणी सांगितलं, तर रोवननं. हो, तुझी लेक माझ्याकडे येते. बूट घ्यायला, दात दाखवायला म्हणून शहरात येते ना, ती माझ्याच घरी उतरते. एकोणीस वर्षांची घोडी आहे, तिला कुणाकडे उतरायचं ते कळतं. नाकाला मिरच्या झोंबल्या असतील तर माझ्यावर ओरड, तिच्यावर नको.

एक कर. रोवन घरी नसेल तेव्हा टिगला माळावर घेऊन जा, आणि तू स्वतः शिट्टी वाजव. चाली त्याच आहेत. बाबांनी आपल्याला शिकवल्या, त्याच तू रोवनला शिकवल्यास, तिनं टिगला. मला त्या कधी जमल्या नाहीत, माझ्या शिट्टीला आपली कोंबडीसुद्धा हलायची नाही. तू दोन बोटं तोंडात घातलीस की पलीकडच्या डोंगरावरची कुत्री उठून बसायची. वाजव आणि बघ तो काय करतो.

का, ते विचारू नकोस. मी कुणाला तरी शब्द दिलाय.

शोना


ड्युनेडिन, २३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर मिळालं. बियाण्यांच्या दुकानाच्या पावतीमागे एक ओळ: ‘तू भोकं पाड, कुत्र्यांचं आम्ही बघू.’ एवढं सगळं लिहिताना हात नाही ना दुखला? तरी पावती मी फ्रिजवर लावून ठेवलीये. कितीही झालं तरी तुझं अक्षर आहे.

शिट्टी वाजवली नाहीस, हे उघड आहे. वाजवली असतीस तर पावती पुरली नसती.

बरं, कुत्र्याचं राहू दे. माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगते, वेळ जाईल. माझं अर्धं काम ‘नाही’ म्हणण्याचं आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मागच्या नोव्हेंबरात एक मुलगी आली. नाव सांगणार नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, बाह्यांना लोकरीचा वास. खुर्चीत बसली आणि म्हणाली, “जिभेच्या टोकाला आडवी दांडी हवी. दोन्हीकडे एकेक मणी. जीभ बाहेर काढली की सापाचे डोळे दिसतात, तशी.”

“नाही,” मी म्हटलं.

“फुकट नको मला, पैसे देते की.”

“डोंगर नावावर करून दिलास तरी नाही.”

“मावशी, तू तर सगळ्यांना सगळीकडे टोचतेस! काल तो एक दाढीवाला गालाला भोक पाडून गेला.”

(माझ्या दुकानात येणाऱ्या सगळ्याच पोरी मला मावशी म्हणतात. वयाचा मान.)

तिला समजावून सांगितलं. जीभ दिसते एक, पण आत डावीकडचे आणि उजवीकडचे स्नायू आपापले चालतात. मधोमध उभी टोचली तर दांडी दोघांच्या मधून जाते. टोकाला आडवी टोचली की दोघांना एकत्र खिळा मारल्यासारखं होतं. दोन कुत्री एका साखळीला बांधून मेंढ्या वळवायला पाठव, मग कळेल. त्यात ते मणी दिवसभर खालच्या दातांवर घासतात. दाताचे टवके उडतात, हिरडी खाली सरकते, आणि सरकलेली हिरडी काही केल्या परत वर येत नाही. पुढं पुढं दात हलायला लागतात. रंगीत फोटो दाखवले. मग म्हटलं, “आणि तुझं तर पोट जिभेच्या टोकावर आहे. ती पत्र्याची शिट्टी तू जिभेवर ठेवून वाजवतेस. तिथं लोखंड बसवलंस तर सूर कुठून निघणार?”

“वाकडा निघाला तर वाकडा,” ती म्हणाली.

“तू वाकडा वाजवशील, पण ज्यानं ऐकायचं त्याचं काय?”

त्यावर ती दार आपटून गेली. पुढं ती कुठं गेली, कुणी तिची जीभ टोचली, ते मी लिहिणार नाही. शब्द म्हणजे शब्द. पण तू काही मठ्ठ नाहीस ताई, शाळेत तुझाच पहिला नंबर यायचा.

टिगला शिट्टी वाजव. मार्च आलाच.

शोना


ड्युनेडिन, ६ मार्च

ताई,

काल फोनवर तू जे बोललीस ते मला कळलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या तीन गिऱ्हाइकांनाही कळलं. त्यातला एक उठूनच गेला. तरी सांगते, तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. शिव्या होत्या, पण तुझ्याच होत्या.

म्हणजे वाजवलीस. आणि पहिल्या शिट्टीला टिग जागच्या जागी बसला, दुसरीला डावीकडून वळसा घातला आणि मेंढ्या तुझ्या पायाशी आणून उभ्या केल्या. मी डोळ्यांसमोर आणलं आणि इथं भर दुकानात हसले. मग तू घरी जाऊन, म्हातारी मेंढी ठेवायची की विकायची हे ठरवताना दात बघतात ना, तसा रोवनचा जबडा धरून तोंड उघडलंस. तेवढं नसतं केलंस तर बरं झालं असतं. विचारलं असतंस तर तिनं दाखवलंही असतं.

आता मी मोकळी आहे. तिनं शपथ घातली होती ‘आईला सांगू नकोस’, आणि मी सांगितलेलं नाही. मी तुला फक्त शिट्टी वाजवायला लावली.

तर ऐक. ते मी टोचलेलं नाही. फोनवर तू श्वास घ्यायला थांबली असतीस तर तिथंच सांगितलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तुमच्या घरची रीत झालीये. आधी टिग, मग मी. माझ्याकडून दार आपटून गेली, ती नाताळानंतरच्या गाण्यांच्या जत्रेत एका माणसाच्या गाडीत जाऊन बसली. त्यानं ना तोंडात बॅटरी मारून शिरा बघितल्या, ना पुढचं काही सांगितलं. आणि दांडी घातली ती आखूड. पहिली दांडी नेहमी लांब घालतात ताई, कारण जीभ सुजते आणि सुजेला जागा लागते. सूज उतरली की मग आखूड घालायची. त्या बहाद्दरानं सुरुवातच आखूड दांडीनं केली, का तर ती दिसते चांगली.

जीभ सुजली तेव्हा ती माझ्याकडे आली. मी ओरडले नाही. ओरडले असते तर पुन्हा आली नसती. मी लांब दांडी बदलून देते म्हटलं, तर हात लावू देईना, इतकं दुखत होतं. मग गुळण्या सांगितल्या, बर्फ सांगितला, डॉक्टर सांगितला. काढून टाक, हे दर खेपेला सांगितलं. तिनं दर खेपेला ‘नाही’ म्हणून मान हलवली.

तू म्हणालीस, “पुढच्या वेळी आली की मणी बदलते म्हणून खुर्चीत बसव आणि उपटून टाक. तेवढं तरी कर माझ्यासाठी.” ताई, तुझ्यासाठी मी पुष्कळ काही करेन. हे करणार नाही. ज्याचं अंग त्याच्या ‘हो’शिवाय मी सुई उचलत नाही आणि चिमटाही उचलत नाही. फसवून टोचणारा आणि फसवून काढणारा, माझ्या हिशेबी दोघं एकाच जातीचे. ती जीभ रोवनची आहे. तुझी नाही, माझी नाही, डंकनची नाही.

मी तिला विचारलं होतं, एवढं समजत असून केलंस का? मग म्हणाली, “मावशी, त्या घरात मी म्हणजे एक शिट्टी आहे. सकाळी उठले की बाबा विचारतात, कुठला कळप, किती कुत्री. आई विचारते, कुंपण पाहिलंस का. मला झोप लागली का, हे कुणी विचारत नाही. हे दोन मणी कुणाच्या कामाचे नाहीत. म्हणून ते माझे.”

मला रडू आलं. तुला राग येईल, येऊ दे, पण आधी दोन मिनिटं गप्प बस आणि ते वाक्य परत वाच. तिचं टिगवर किती प्रेम आहे ते तुला ठाऊक आहे. त्याला मारणार हे ऐकल्यापासून ती धड जेवत नाहीये. डंकनला खरं सांगितलं तर तो तिची कुत्री काढून गड्याच्या हाती देईल आणि तिला डोंगर बंद करेल. नाही सांगितलं तर टिग जातो. पोरगी अशी मधल्या मधे अडकलीये.

तूही डंकनला सांगू नकोस. तिचं तिला सांगू दे. पण गोळी अडवून धर, कशीही कर, बंदुकीच्या कपाटाची किल्ली लपव. ते तुला जमेल.

शोना


ड्युनेडिन, २० मार्च

ताई,

रोवन काल दुपारी आली. घाबरू नकोस, माझ्या घरी आहे, आता झोपलीये. हे पत्र लिहून मी तुला फोनही करणार आहे, पण फोनवर आपण दोघी भांडतो म्हणून सगळं इथं नीट लिहिते.

ती पिकअप चालवत आली तेव्हा तिचा चेहरा एका बाजूनं सुजला होता आणि तोंडातून लाळ गळत होती. मी हातमोजे घालून बघितलं. उजवीकडचा मणी दिसेना. पडला म्हणावं तर तसं नाही. मांसानं तो गिळला होता. आखूड दांडीचं हेच होतं, सूज येते आणि मणी आत ओढला जातो. वर कातडी जवळजवळ मिटली होती आणि बाजूनं पू येत होता. तरी ताप कसा नाही, मला कळेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा पाटीवर लिहावं तसं फोनवर लिहून दाखवलं: ‘पेनिसिलिन घेतलं.’

“कुठल्या डॉक्टरनं दिलं?”

तिनं लिहिलं: ‘लोकर कातरायच्या शेडमधलं.’

ताई, तिनं मेंढ्यांचं औषध घेतलं! मेंढीची सुई, मेंढीची बाटली, वजनाच्या अंदाजानं आपल्याच मांडीत टोचून घेतलं. मला जिभेला हातही लावू न देणारी ही पोरगी. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरकडे नेलं तर त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, “तुम्ही डोंगराकडच्या का?” त्या औषधानं पू थोडा दबला आणि दुखणं आत वाढत राहिलं. आता माणसांचं औषध सुरू आहे.

डॉक्टरनं सांगितलं, मणी कापून काढावा लागेल, आणि ते दातांच्या सर्जनचं काम. तिथून सर्जनकडे गेलो, तो ‘उद्या या’ म्हणाला. आणि ही मान हलवायला लागली: नाही, नाही. मणी बाहेर काढा, दांडी ठेवा. सर्जन वैतागला. मी त्याला म्हटलं, थांबा जरा, तिला घरी नेते.

घरी आणून मी काही समजावलं नाही. ते सगळं बोलून झालं होतं. हातात आरसा दिला आणि बॅटरी दिली. खालचे पुढचे दात बघ म्हटलं. एका दाताचा कोपरा उडालाय, आणि त्याच्या खालची हिरडी इतकी सरकलीये की मूळ दिसतं. तिनं बराच वेळ बघितलं. मग खिशातून तिची शिट्टी काढली, जिभेवर ठेवायला गेली. ठेवता येईना. नुसतीच फुंकर बाहेर आली, ओली. तिनं परत केलं, परत तेच. मी म्हटलं, बस कर राजा.

मग ती जी रडली ताई, लहानपणी कोकरू मेलं की रडायची तशी, नाक पुसायचं भान नाही. मी जवळ घेतलं. रडणं ओसरल्यावर मी विचारलं, “काय करायचं?” तिनं लिहिलं, ‘काढ.’ मी म्हटलं, “आईसाठी म्हणत असशील तर नको. टिगसाठीही नको.” तिनं लिहिलं, ‘माझ्यासाठी.’ मी आणखी एकदा विचारलं, तर चिडून फोनच माझ्या अंगावर फेकला. तेव्हा माझी खात्री पटली.

आणि मग तिनं एक केलं, ते तू डंकनकडून ऐकलं असशीलच. माझ्या फोनवरून वडिलांना फोन लावला. त्या सुजलेल्या जिभेनं सांगितलं, की बाबा, टिग बहिरा नाही, माझीच शिट्टी बिघडलीये, आणि का बिघडलीये तेही सांगितलं. शब्द धड उमटत नव्हते, पण एकही गाळला नाही. मी शेजारी उभी होते. मग डंकन म्हणाला, “कुत्र्याला काही करणार नाही. पण या खेपेला तू डोंगरावर यायचं नाही.” आणि ठेवला.

तिनं फोन मला परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मार्चात मेंढ्या खाली आणायच्या मोहिमेवर ती बारा वर्षांची असल्यापासून जातेय. तुला ठाऊक आहे.

सर्जनला पुन्हा विचारलं, आता परवा सकाळी दहाला जायचंय. यायचं तर ये. आपलेच दात, आपलेच ओठ, मी तुला चार गोष्टी सुनावल्या त्या विसर. पण ओरडायला येणार असशील तर घरीच थांब. मी एकटी बघेन.

शोना


ड्युनेडिन, गुरुवार, दुपार

ताई,

हे टपालानं पाठवत नाहीये.

आम्ही सर्जनकडून परत आलो तेव्हाच तुमची दुसरी पिकअप मी समोरच्या फुटपाथला बघितली, आत तू. आता तास होऊन गेला. तू उतरत नाहीस. मी दोनदा काचेतून हात केला, तू समोर बघत बसलीस. मागे टिग बसलाय, त्यानं मात्र मला ओळखलं नाही तरी शेपूट हलवली. डंकनला काय सांगून त्याला घेऊन आलीस देव जाणे. सकाळची मेंढ्यांची कामं सोडून इतक्या लांब गाडी हाणत आलीस, आणि रस्ता ओलांडायला पाय उचलत नाहीये. मी बाहेर येऊन तुला ओढून आणलं असतं, पण मग आपण दोघी फुटपाथवर सुरू होऊ आणि आज मला ते नको आहे.

म्हणून हे बिलाच्या कागदावर लिहितेय आणि रोवनच्या हाती देतेय. बाकीचं नंतर बोलू, आधी एवढं वाच.

मणी निघाला. दांडीही निघाली. तिनं स्वतः सही केली, स्वतः तोंड उघडलं. मी बाजूला उभी होते, तिनं माझा हात इतका आवळला की अजून बोटं लाल आहेत. तीन टाके पडलेत. हिरडी गेली ती गेली, दाताला टोपी बसवावी लागेल. शिट्टीचं मी सर्जनला विचारलं. तो म्हणाला, जीभ दमदार असते, बहुतेक येईल, पण शब्द देत नाही. रोवननं ते ऐकलं आणि मान डोलावली. मला वाटतं तिला ते आधीच कळलं होतं.

खिडकीतून तिला तुझी गाडी दिसली, मागे टिग दिसला. ती धावत बाहेर जाणार म्हणून मी दारातून बाजूला झाले. ती गेली नाही. तिथंच उभी राहिली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटतं, तू तिला न्यायला आली नाहीस, नुसता कुत्रा दाखवायला आलीस. मी म्हटलं, वेडी आहेस का. पण मी म्हणून काय उपयोग?

मोहिमेचं आज विचारू नकोस. टिगचंही नको, तो तिला दिसतोय. सूप केलंय, ते थंड करून तिला चमच्यानं पाजायचंय, आणि ते माझ्यापेक्षा तू बरं करशील. तुझ्यासाठी चीज रोल भाजलेत, लोणी जास्त लावून. कुत्र्यालाही आत आण, मी गिऱ्हाइकं बंद केलीयेत.

कागद वाचून झाला की काच खाली कर. ती तुझ्या गाडीच्या दाराशीच उभी आहे. जीभ अजून बधिर आहे, टाके आहेत, तिला आज एक शब्दही बोलता येणार नाही. तिच्या बोलण्याची वाट बघत बसू नकोस ताई. आज तुलाच बोलावं लागेल.

शोना